चर्च पडले, मंडळी उभी राहिली

नवापुरात मी तीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर तालुक्याने मला न विचारताच शुद्धलेखन खाते देऊन टाकले. लग्नपत्रिका, अभिनंदनाचे फलक, दूध संस्थेचा अहवाल, जे काही छापायचे ते आधी माझ्या ओट्यावर येते आणि लाल होऊन परत जाते. या कामातून एवढे कळले की मोठ्या माणसाच्या नावाआधी किती विशेषणे मावतात याला अंत नाही, आणि ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त छापले जाते त्याने सहसा सर्वांत कमी केलेले असते.

एका हिवाळ्यात गुजरातच्या हद्दीकडच्या डोंगरातल्या एका गावाहून तीन गृहस्थ आले. ‘सलाम, सर’ म्हणून बसले. एक सफारीतले निवृत्त अधिकारी, म्हणजे समितीचे अध्यक्ष. दुसरे तरुण पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू. तिसऱ्यांकडे फाइल होती, आणि फाइल असलेला माणूस जसा गप्प बसतो तसे ते गप्प होते. गावातल्या ख्रिस्ती लोकांनी आपला इतिहास लिहून काढला होता, ‘आमच्या मंडळीचा इतिहास’, आणि तो मी तपासून द्यावा अशी विनंती होती. मी धानोऱ्याकडच्या शेतकरी घरातला. चर्चशी माझा संबंध नाताळच्या केकपुरता. पण पाने असलेली कोणतीही वस्तू मला नाकारता येत नाही.

आतून बायको सगळे ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, “आते देवना पुस्तकले बी लाल शाई लावतस का?”

ख्रिस्ती पुस्तके मला नवी नव्हती. थंडीत त्यांची मोठी सभा भरते, तिथे पुस्तकांचे टेबल असते. दरवर्षी मी तिथून काहीतरी उचलतो. चर्चच्या इतिहासाची पुस्तके वाचून माझे मत झाले आहे की त्यांच्यात आणि आपल्या इतर इतिहासांत फारसा फरक नाही. ज्याला खुर्ची होती तो पुस्तकात आहे, जो खाली बसला तो नाही. मात्र त्याच टेबलावर कोपऱ्यात पातळ पुस्तिका असतात. रोजच्या जगण्यात श्रद्धा कशी पाळावी यावरच्या. कागद वाईट, मुखपृष्ठावर ठरलेला सूर्योदय. आत मात्र सासूशी कसे बोलावे, राग किती वेळ ठेवावा, आजाऱ्याकडे गेल्यावर गप्प कसे बसावे, असे लिहिलेले असते. एवढ्या खाली उतरून माणसाशी बोलायला पुस्तकाला धैर्य लागते. आमच्या कपाटातल्या जाड ग्रंथांना ते जमलेले नाही.

फाइल उघडली. सुरुवातीची पंधरा पाने शुभेच्छांची. फोटोखाली फोटो. प्रत्येकजण एका इतिहासाच्या पुस्तकाला उज्ज्वल भवितव्य चिंतत होता. मग खरा मजकूर. पहिले मिशनरी कधी आले, बंगला कुठे बांधला, घंटा कोणी दिली, कोणत्या पाळकानंतर कोणते पाळक आले. मी पेंगू लागलो होतो. आणि मग मध्येच पेन्सिलीने लिहिलेली अकरा पाने लागली.

ती गावच्या बायबलबाईंची होती. घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणारी, बायकांना अक्षर शिकवणारी स्त्री म्हणजे बायबलबाई. आता हे काम जवळपास संपले आहे. या बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांची घरची बोली मावची, आणि मराठी त्या बायबल वाचूनच शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचे मराठी दीडशे वर्षांपूर्वीच्या इस्त्रीचे होते. त्यांनी लिहिले होते की एका वर्षी वादळात चर्चचे छप्पर गेले, भिंत कोसळली, नोंदवही भिजून लगदा झाली. त्यानंतर कित्येक वर्षे त्या गावाला पाळक मिळाला नाही. त्या काळात कोणाच्या खळ्यात, कोणाच्या ओसरीत लोक जमत राहिले. कोणी वाचले, कोणी गाणे धरले, कोण आजाऱ्यासाठी भाकरी घेऊन गेले, ते सगळे नावांसकट होते. दीड पान नुसती नावे. नोंदवहीच उरली नसल्याने ती नावे दुसऱ्या कुठेही नव्हती.

मी पेंगणे सोडून ती पाने दोनदा वाचली. आणि मग, आवडलेल्या लेखनावर मास्तर जो अत्याचार करतो तो केला. मला त्यात एक गोंधळ दिसला. एकाच गोष्टीला बाई कधी ‘चर्च’ म्हणत, कधी ‘मंडळी’. माझ्या कानाला मंडळी म्हणजे पंगतीत जिलबीची वाट पाहणारे लोक, नाहीतर ‘आमची मंडळी माहेरी गेली’ मधली. एकवाक्यता हवी म्हणून मी पुस्तकभर ‘मंडळी’ खोडून ‘चर्च’ केले. मुखपृष्ठ आधीच छापून झाले होते म्हणून ते वाचले.

टाइप करून आलेली पाने बाईंना दाखवायला मी स्वतःच गेलो. त्यांना भेटायचेही होते. अंगणात तूर वाळत घातली होती आणि बाई तिच्या कडेला खुर्ची टाकून कोंबड्या हाकत होत्या. म्हणाल्या, “यावे गुरुजी. चहा सिद्ध होत आहे.” मग चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचू लागल्या. एका ओळीवर बोट थांबले. त्यांनी मूळ लिहिले होते, ‘त्या वर्षी चर्च पडले, मंडळी उभी राहिली.’ माझ्या कृपेने ते झाले होते, ‘त्या वर्षी चर्च पडले, चर्च उभे राहिले.’

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “गुरुजी, मधे गवंडी कोण होता?”

मला समजले नाही. त्यांनी समजावले, रागावून नाही, पहिलीच्या पोराला समजावतात तसे. चर्च म्हणजे भिंती. त्यांच्यात मंडळी म्हणजे माणसे, विश्वासाने एकत्र आलेली. भिंत दहा वर्षे पडलेलीच होती. ती बांधायला कोणी आले नाही. “उभे होते ते लोक. तुम्ही त्यांना खोडले, आणि भिंत बांधून टाकली. एवढे बांधकाम आम्हांला दहा वर्षांत जमले नाही.”

तीस वर्षे मी शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो असे फळ्यावर लिहीत आलो होतो. चहा येईपर्यंत मी तुरीकडे पाहत बसलो.

चहानंतर बाईंनी आतून एक पुस्तक आणले. पुठ्ठा गेलेला, चर्चच्या इतिहासाचे जुने मराठी भाषांतर. पडझडीच्या त्या वर्षांत त्या हेच पुस्तक संध्याकाळी वाचून दाखवत, मराठीतून वाचून तिथल्या तिथे मावचीत सांगत. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात ऐकणाऱ्यांचे बोलणे टिपलेले होते. धर्मसभेत विद्वान महिनोन्‌महिने वाद घालत होते त्या पानाशी लिहिले होते, ‘येथे सर्व झोपले.’ एक साधू कित्येक वर्षे खांबावर बसून राहिला, त्या गोष्टीशी एका म्हाताऱ्याचा प्रश्न होता, ‘कोणते पीक राखत होता?’ आमच्याकडे शेतात माळा बांधून माणूस वर बसतो तो डुकरे हाकायला. म्हाताऱ्याचे काही चुकले नव्हते. पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक भुयारात लपून प्रार्थना करत, तिथे एका बाईने विचारले होते, ‘त्यांची लेकरे रडली तर?’ मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे. इतका नेमका प्रश्न विचारलेला क्वचित पाहिला.

त्यांच्या उशाशी रोजच्या मननाची एक पुस्तिकाही होती, तारखेगणिक एक पान असलेली. वर्ष पाहिले तर फार जुने. मी म्हणालो, बाई, नवी आणून देतो. त्या म्हणाल्या, “तारखा त्याच असतात, गुरुजी. आणि माझ्या चुकाही.”

घरी येऊन मी प्रत्येक ‘मंडळी’ पुन्हा जागेवर बसवली. हिरव्या शाईने, म्हणजे निदान माझ्या चुकीचा रंग वेगळा दिसावा.

आठवड्याने फाइलवाले गृहस्थ एकटे आले आणि पहिल्यांदाच बोलले. छापखान्याने हिशेब सांगितला होता. सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि ठरलेल्या फर्म्यांत मजकूर बसत नव्हता. समितीने ठरवले होते की बाईंचे प्रकरण एका पानावर आणावे. मोठा फोटो, खाली ‘आमच्या आदरणीय बाई’, आणि चार ओळी. नावे वगळायची. ते हळूच म्हणाले, “सर, त्यात माझ्या आजोबांचं नाव आहे.” मी विचारले, बाईंना कळवले का. कळवले होते. रविवारी उपासनेनंतर बैठक होती, आणि मीही यावे असा बाईंचा निरोप होता.

बैठक चर्चमागच्या खोलीत झाली. मी तयारीने गेलो होतो. इतिहास कोणाचा असतो यावर माझ्या डोक्यात एक छोटेसे भाषण होते, सुदैवाने ते तिथेच राहिले. अध्यक्षांनी अतिशय आदराने बोलायला सुरुवात केली, आणि इतका आदर सुरू झाला की समजावे, काहीतरी कापले जाणार. बाईंचे कार्य हिमालयाएवढे, पण नावांची यादी वाचकाला कंटाळवाणी. शिवाय ज्यांनी संदेश पाठवले त्यांचा मान राखायला हवा.

बाई म्हणाल्या की त्यांचा फोटो काढून टाकावा, त्यांच्याविषयीची ओळही काढावी, अकरा पानांतले त्यांचे स्वतःचे सगळे काढावे. त्याने दोन पाने सुटतील. नावे ठेवावीत.

अध्यक्ष म्हणाले, दोन पानांनी भागत नाही, बाई. आणि संदेश तर काढता येत नाहीत.

बाईंनी विचारले, “साहेब, शुभेच्छा पुढच्या काळासाठी असतात ना?”

“हो, अर्थात.”

“मग पुढच्या पुस्तकात घाला. हा मागचा इतिहास आहे.”

खोलीत कोणी हसले नाही, पण पाळकसाहेबांनी रुमाल काढून तोंड पुसले, आणि ते दिवस घाम येण्याचे नव्हते. अध्यक्षांविषयी मला इथे न्यायाने लिहायला हवे. सफारी, विशेषणे, सगळे असले तरी त्यांनी फाइल ओढली, चष्मा लावला आणि ती दीड पान नावे उभ्याउभ्या मनात वाचली. मला वाटते तोवर त्यांनी ती वाचलीच नव्हती. मध्येच एकदा ओठ हलले. मग म्हणाले, “या कावडवाल्या बाई... आमच्या घरी पाणी भरायला यायच्या त्याच का?”

“खचित त्याच,” बाई म्हणाल्या. “तुमची आई बाळंतीण होती तेव्हा. चाळीस दिवस. त्या काळात तुमच्या घरी प्रार्थनाही त्यांनीच चालवली.”

अध्यक्ष खाली बसले. थोड्या वेळाने ते छापखान्याशी फोनवर बोलले. संदेश वेगळ्या घडीच्या कागदावर छापून पुस्तकात सुटे ठेवायचे ठरले. पहिला संदेश अध्यक्षांचाच होता, तोही सुट्यात गेला. त्यांनी तो पुन्हा पुस्तकात घ्या असे एकदाही सुचवले नाही. माणसाचा मोठेपणा मोजायची माझी मापे त्या दिवशी मला थोडी दुरुस्त करावी लागली.

पुस्तक निघाले त्या दिवशी चर्चच्या अंगणात मांडव होता. व्यासपीठावर खुर्च्या होत्या, बाईंसाठीही एक होती, पण त्या खाली सतरंजीवर बायकांत बसल्या होत्या. भाषणे व्हायची तशी झाली. ऐकत कोणी नव्हते. लोकांनी पुस्तक हातात पडताच शुभेच्छांच्या कागदाने वारा घेतला आणि नावांचे पान उघडले. ओळीवरून बोटे फिरत होती. कोणी शेजाऱ्याला दाखवत होते, कोणी एक नाव चुकल्याचे सांगायला बाईंकडे सरकत होते. फाइलवाल्या गृहस्थांनी आजोबांच्या नावावरून तीन वेळा बोट फिरवलेले मी पाहिले.

माझ्या शेजारी वरच्या पाड्यावरचा एक म्हातारा बसला होता. हातात पुस्तक, उलटे. त्याने आईचे नाव सांगितले आणि ते कुठे आहे ते दाखवायला सांगितले. मी पुस्तक सरळ केले, नाव शोधले आणि त्याचे बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवले, मग शेवटच्या. एका बोटाच्या पेराएवढी ती जागा होती. त्याने ती झाकून पाहिली, उघडून पाहिली.

“एवढंसं?” तो म्हणाला. “आई तर चांगली उंच होती.”