आईचा दुसरा गुडघा

आईचे दोन्ही गुडघे गेले होते. यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, दोन्ही बदला. एक आत्ता, दुसरा सहा महिन्यांनी. आई कळंबजवळच्या आमच्या गावी भावाकडे राहते. ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "लेकीचा पैसा लागत असन तं मले नाही कराचं."

लेकीच्या घरचं पाणी पितानाही विचार करणारी माणसं ही. मी म्हटलं, "अवं माय, माझा छदामही लागत नाही. विम्याची कंपनी देते." विम्याचा हप्ता मीच भरायचे; भाऊ भरतो, हे खोटं मी आधीच तिच्या गळी उतरवलं होतं. "माझी शपथ?" "तुझी शपथ." तेव्हा ती शपथ मला खरीच वाटत होती.

भरती करताना विम्याच्या टेबलावरच्या पोरीनं विचारलं, जनरल वॉर्ड, दोघांची खोली की स्पेशल? मी लगेच स्पेशल म्हटलं. आमच्याकडे माणूस दवाखान्यात पडलं की अर्धं गाव भेटायला येतं. डबे घेऊन, लेकरं घेऊन, मिळेल त्या गाडीनं. कोण आलं, कोण नाही आलं हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. बसायला जागा नव्हती हे तर मरेपर्यंत. जनरल वॉर्डात एका वेळी एकालाच सोडतात. मावशीनं काय जिन्यात उभं राहायचं? आणि माझ्या सासरच्यांनी? लेक मास्तरीण, अन् मायले कुठी टाकलं, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. शिवाय सगळं कॅशलेस. फुकट ते पौष्टिक!

लोक आले. चार दिवस सोफा रिकामा नव्हता. आई पाय लांब करून, पदर नीट घेऊन बसायची आणि येईल त्याला चहा घ्यायला लावायची. माझ्या लग्नानंतर तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातून सुटी मिळायच्या दिवशी डॉक्टर दहा वाजता "जा" म्हणाले. कंपनीची मंजुरी यायला चार वाजले. टेबलावरच्या पोरीनं कागद पुढे सरकवला.

"मॅडम, तुमच्या पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला तीन हजारांपर्यंतच आहे. तुम्ही सहा हजारांची घेतली."

"बरं. वरचे तीन-तीन हजार मी भरते. चार दिवसांचे बारा."

"तसं नसतं ना मॅडम. भाडं अर्धंच बसलं, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग, सगळंच अर्धं मिळालं. नवा सांधा आणि औषधं तेवढी पूर्ण."

शिवाय हातमोजे, पट्ट्या, कापूस यांचे पैसे कंपनी देतच नाही. कापसाचे पैसे! आमच्या जिल्ह्यात ते कोणाला धड मिळालेत? मला हसू आलं आणि मग एकदम रडूच आलं.

भरतीच्या वेळी तोंडाला काय झालं होतं, म्हणून मी त्या पोरीवर ओरडले. "तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. खरंच होतं ते. सातवीच्या मुलांना मी शेकडेवारी शिकवते, आणि चार वर्षं कपाटात पडलेला पॉलिसीचा कागद मी एकदाही धड वाचला नव्हता. लाज वाटली मला. एकूण ब्याऐंशी हजार. मी कार्ड दिलं.

वळले तर मागे व्हीलचेअर. भावानं आईला खाली आणलं होतं. तिला वाचता येत नाही, पण ते कार्डाचं मशीन तिला कळतं; खताच्या दुकानात तसंच आहे. ती माझ्या हातातल्या कार्डाकडे बघत राहिली.

सहा महिन्यांनी मी दुसऱ्या गुडघ्याचं ठरवायला गावी गेले. या खेपेस सगळं विचारून, लिहून घेऊन गेले होते.

"खोटी शपथ खाल्ली तू," आई म्हणाली.

"चुकलं माय. त्या खोलीनं घात केला. आता जनरल वॉर्ड घेऊ, काहीच कापत नाहीत. किरकोळ लागलं तर भाऊ देईल. माझा रुपया नाही."

ती बराच वेळ डावा गुडघा चोळत राहिली.

"मंग लोकं कुठी बसतीन?"

"आग लागो त्या लोकांना!" मी ओरडलेच. "तुझ्या पायापेक्षा लोक मोठे झाले काय?"

"मले कोण काय म्हणते? तुलेच नावं ठेवतीन. मी हाय तशी बरी."

माझाच विचार होता तो, भरतीच्या टेबलापुढचा. आई चहा ठेवायला उठली. उजव्या पायावर उभी राहिली, भिंत धरली आणि डावा ओढत स्वयंपाकघराकडे निघाली. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस तू. माहेरी आली ना."