लेकीची स्ट्रीक

बारावीचे क्लास सुरू झाले तसा लेकीने आपणहून फोन माझ्या हातात आणून दिला, तेव्हा मला वाटलं, देव पावला. आदलं वर्षभर त्या फोनवरून आमच्या घरात रोजची भांडणं. मी लपवायचा, तिने हुडकून काढायचा. अकरावीत गणितात दांडी उडाली तेव्हा ती रडत म्हणाली होती, मला तो सोडवतच नाही गं. त्यामुळे आता ती स्वतः देतेय म्हटल्यावर मी अट पुरती न ऐकताच हो म्हणून बसले.

अट अशी की, तिची स्ट्रीक मी सांभाळायची. तिची जिवलग मैत्रीण अक्कलकोटला राहायला गेलेली. दोघींनी एका ॲपवर रोज एकमेकींना एक तरी फोटो पाठवायचा. एक दिवस चुकला की इतक्या महिन्यांची साखळी खलास. तुटली तर मी फोन परत घेणार, असं तिने बजावलं. फोटो कसलाही चालतो म्हणे, भिंतीचा, पंख्याचा. मी म्हटलं, त्यात काय एवढं!

बाई गं. सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसात साहेब समोर उभे, आणि मी टेबलाखाली फोन धरून फायलींचा फोटो काढतेय. घरी लाईट जाऊन नेट बंद पडलं की माझा जीव खालीवर. मग गाऊनवर ओढणी टाकून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे नेट मागायला जायचं. नवरा हसायचा, ते मला लई लागायचं. ताप आला तरी सुट्टी नाही. कुठून ही ब्याद गळ्यात घेतली, असं मी एकटीच बडबडायची. पण आत लेक खरंच अभ्यास करत होती. माझ्याकडून चूक झाली तर ती पुन्हा त्या फोनमध्ये बुडेल, या धास्तीने मी फोटो पाठवत राहायची.

तिकडून रोज सकाळी फरशीचा नाहीतर भिंतीचा फोटो यायचा. एकदा फरशीच्या फोटोत पाऊल आलं, आणि पावलात जोडवी. बारावीच्या पोरीच्या पायात जोडवी कुठली? मी धीर करून लिहिलं, ‘तुम्ही तिच्या आई का?’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘व्हय. तुमीबी आईच की काय?’

ऑफिसात मला हसू आवरेना. तिच्याही गळ्यात तीच अट पडलेली. मी लगेच लिहिलं, आता दोघी मिळून हे बंद करू या, पोरींना मी समजावते.

‘माजी पोरगी कवाच विसरली ओ,’ तिने लिहिलं. ‘हितं दिवसभर मला कोन बोलत न्हाय. सकाळी तुमचा फोटू येतोय, तेवडंच.’

संध्याकाळी मी लेकीला भीतभीतच विचारलं, स्ट्रीक तोडू का? तिने वहीतून मानही वर केली नाही.

“तोड की, आई. मला आता आठवणसुद्धा येत नाही.”

याच वाक्यासाठी मी वर्षभर झुरले होते. पेढे वाटायला हवे होते. त्याऐवजी मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, आणि मला रागही आला, रडूही आलं. पोरगी सुटली होती, पण अक्कलकोटच्या त्या बाईला मी काय सांगणार होते? सकाळी गॅसवर चहाचं आधण ठेवलं, त्याचा फोटो काढला आणि चिडतच पाठवून दिला.