न पडणारा सर्व्हर

कशेळ्याच्या नाक्यावर जीप भरायची वाट बघत आम्ही दोघंच आत बसलो होतो. तो अनोळखी माणूस सारखा मोबाइल काढून बघायचा आणि परत खिशात ठेवायचा. विचारल्यावर म्हणाला, जुन्या मित्रांच्या गप्पांसाठी त्यानं घरच्याच कॉम्प्युटरवर चॅट सर्व्हर चालवला होता. कुणीतरी त्यावर खोट्या मागण्यांचा मारा करून तो बंद पाडायचं.

"कुठं जायचं नसताना पन्नास जण जीपमध्ये येऊन बसले, तर खरा पॅसेंजर कुठं बसणार?" तो म्हणाला. "वर्षभर खपलो. आता कितीबी मारा होऊ दे, पडत नाय."

"मग गप्पा जोरात असतील."

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. महिनाभराचे सगळे निरोप त्याचेच होते. शेवटचा आजचाच होता:

"चालू हाय. या रं."