घटाला पडलेलं टक्कल

"अरं ये मास्तर! घटाला टक्कल पडलंय की रं!"

सातव्या माळेला आई देवघरातून अशी ओरडली, की भाटघरच्या धरणाला लाट आली असावी.

मी भोरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. (पुढे हे सांगायची लाज वाटेल, म्हणून आत्ताच उरकून घेतो.) गेल्या नवरात्रात वरवे गावच्या काकूच्या घटातलं धान्य आमच्यापेक्षा बोटभर उंच आलं आणि आईनं तो बोटभर अपमान वर्षभर जपला. घट दाट उगवला की वर्ष चांगलं जातं, यावर तिचा गाढ विश्वास! तेव्हा यंदा मी विज्ञानाला मैदानात उतरवलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाच वाट्यांत गहू भिजवले. पाणी, दूध, गोड चहा, कोल्ड्रिंक आणि मिठाचं पाणी. (मीठ का? आमच्याकडे पोकळ दाणे काढायला भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात. नंतर ते स्वच्छ धुतात, एवढा किरकोळ भाग मी गाळला.) घटाभोवती पाच वाटण्या करून पेरले आणि रोज ज्याला त्याला आपापलं पेय चोरून पाजलं.

पाण्याच्या बाजूला मांजर हरवेल असं रान माजलं. चहाकडं तीन पिवळे कोंब, तेही आजारी. दुधावर पांढरी बुरशी आणि असा वास, की आई रोज दोन उदबत्त्या जास्त लावायची. कोल्ड्रिंककडं मुंग्यांची जत्रा! आणि मिठाकडं झाडून घेतल्यासारखं लख्ख अंगण.

एवढ्यात काकू दारात हजर.

"अगं बया! आक्का, ह्या वर्साचं काय खरं न्हाई बघा," ती म्हणाली. आवाजात दुःख, तोंडभर हसू.

आई मटकन खाली बसली. "माझ्याच हातनं काय चुकलं गं?" तिचे डोळे भरले.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी सगळं कबूल केलं.

"म्हंजी देवीला च्या पाजला?" काकूचं हसू पळालं.

"आणि कोल्ड्रिंक," मी प्रामाणिकपणे भर घातली.

उरलीसुरली अब्रू वाचवायला मी वर्गातला आवाज काढला, "पण आई, यातून एक गोष्ट सिद्ध झाली! बी उगवायला साधं पाणीच सगळ्यांत उत्तम!"

आईनं पदरानं डोळे पुसले.

"व्हय," ती म्हणाली. "म्हनून आमी पानीच घालतो."