चेहऱ्यापुरता डॉक्टर

आईचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि फोनमधला डॉक्टर तिला म्हणत होता, "आजी, आज एकदम फ्रेश दिसताय!" ते वाक्य आठवलं की आजही माझ्या कपाळाची शीर उडायला लागते.

आई उरणकडची कोळीण. पनवेलच्या मासळी बाजारात तिची हयात गेली. पापलेटाच्या कल्ल्यात बोट घालून पुढच्या पाटीकडे वळणाऱ्या गिऱ्हाइकाला ती मागे बोलावून झाडायची. बाबा गेल्यानंतर तिचं हृदय कमजोर झाल्याचं कळलं आणि ती आमच्याकडे, नवीन पनवेलला राहायला आली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तपासणीला न्यायचं म्हणजे तिला धरून खाली उतरवायचं, रिक्षात बसवायचं, दवाखान्याच्या बाकड्यावर दुपार काढायची आणि परत वर येताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचं. त्यामुळे मस्कतला बंदरावर कामाला असलेल्या दादानं एका कंपनीची वर्गणी भरून घरबसल्या डॉक्टरची सोय लावून दिली, तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. डॉक्टर व्हिडिओवर येणार. मनगटाला पट्टा बांधायचा, त्यावरची नाडी आणि ऑक्सिजन थेट कंपनीकडे आणि दादाच्या मोबाइलवर जाणार. सगळं ठीक असलं की हिरवा ठिपका.

फोनची वेळ झाली की आई तोंड धुवायची, धुतलेलं लुगडं नेसायची, केस चापून बसवायची आणि खुर्चीत ताठ बसायची. समोर दर वेळी नवा चेहरा. आधीच्यानं काय सांगितलं ते पुढच्याला ठाऊक नसे. प्रश्न मात्र तेच. "दुखतं का कुठे? जेवण जातं? झोप लागते?" आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज असलेली माझी आई लहान मुलीसारखी उत्तर द्यायची, "नाय साहेब, बरी हाय."

त्या आठवड्यात ती बरी नव्हती. आडवं झालं की तिला धाप लागायची, म्हणून ती उशांना टेकून बसूनच झोपायची. चप्पल पायात जात नव्हती. मी फोनची वेळ मागून घेतली आणि डॉक्टर दिसताच सांगायला सुरुवात केली.

"मॅडम, पेशंटला बोलू द्या," तो म्हणाला. "हां आजी, तकलीफ काय आहे?"

"काय नाय. बरी हाय," आई म्हणाली.

"गुड. रीडिंग पण नॉर्मल आहेत."

"अहो, पायांवर सूज आहे. आडवं झोपता येत नाही तिला," मी मध्ये पडले.

"या वयात थोडी सूज येतेच. पायाखाली उशी द्या."

मी फोन उचलला आणि खाली तिच्या पायांवर धरला. आईनं लाजून लुगडं पुढे ओढलं. मी ते बाजूला केलं.

"क्लिअर दिसत नाहीये. फोटो काढून अपलोड करा, टीम बघेल."

"तुम्ही आत्ता बघा ना! समोरच आहेत पाय!"

"मॅडम, पुढचे पेशंट थांबलेत," असं म्हणून तो गेला. पडद्यावर पाच चांदण्या उगवल्या आणि खाली प्रश्न, तुमचा अनुभव कसा वाटला? फोन भिंतीवर फेकावा असं वाटलं. फेकला नाही, कारण लगेच दादाला लावायचा होता.

"अगं, मला इथे सगळं हिरवं दिसतंय," दादा म्हणाला. "तू उगाच घाबरतेस. डॉक्टर काय वेडे आहेत का?"

"मला इथे पाय दिसतायत. तुला ठिपका दिसतोय," मी ओरडले. "आई कुठे आहे, तुझ्या मोबाइलमध्ये की माझ्या घरात?"

तो पुढे काय बोलला ते मी ऐकलं नाही.

नवरा आणि शेजारी, दोघांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं. ती सारखी म्हणत होती, "साहेब बोलला बरी हाय, मंग कुठं नेताय मना?" हॉस्पिटलात एका मध्यमवयीन डॉक्टरनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. कणकेत उठावा तसा खड्डा तिथे राहिला. त्यानं पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "फुप्फुसात पाणी भरत आलंय. इतके दिवस काय करत होतात?"

काय करत होतो? डॉक्टरला दाखवत होतो! मी ते एवढ्या मोठ्यानं बोलले की सिस्टर आत डोकावली. मग मी त्याला सगळं सांगितलं, पट्टा, ठिपका, नवेनवे चेहरे, उशी. वजन रोज करायला कुणी सांगितलं नाही का, एवढंच त्यानं विचारलं. अंगात पाणी साठायला लागलं की काटा आधी सांगतो. कुणीही सांगितलं नव्हतं.

इंजेक्शनांनी पाणी उतरलं. सूज ओसरली तशी आईच्या घोट्याची हाडं परत दिसायला लागली. ती जरा माणसात आल्यावर मी तिलाही सोडलं नाही.

"खोटं का बोललीस त्या डॉक्टरांशी?"

"खोटं कुठं बोलली मी?" ती उखडली. "तो बगत होता नं मना? डाक्टर हाय, त्याला दिसत नसंल काय? मंग आपून कशाला रडगाणं गावा? आनि रोज नवा मानूस. कुनाकुनाला पाय दाखवू?"

ती चिडलेली बघून बरं वाटलं. आणि मला समजलं की तो पडदा डॉक्टरला तिचा चेहरा तेवढाच दाखवतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक तिची नव्हतीच. वयस्कर बाईला खुर्चीत बसवून तिच्या शब्दावर सगळं सोडून मोकळं होणाऱ्यांची होती. मी कंपनीकडे तक्रार केली. 'आपल्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत' असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं, या भावना नाहीत, हे आईचे पाय आहेत. त्याला उत्तर आलं नाही. दादानं वर्गणी बंद केली, पण मला तसं सांगितलं नाही. त्यानं नुसता बँकेचा मेसेज पुढे पाठवला, त्यावरून मला ते कळलं. आम्ही बोलतो, पण आईच्या तब्येतीपुरतंच.

तिसरा मजला काही खाली आला नव्हता. घरी सोडताना मी हॉस्पिटलातल्या त्याच डॉक्टरला विचारलं, तुम्ही स्वतः व्हिडिओवर बघाल का? तो म्हणाला, बघीन, पण मधूनमधून इथे आणावंच लागेल. आणि सकाळचं वजन मला कळवायचं. आता तोच येतो फोनवर. आधी पाय, मग गळ्याच्या शिरा, मग चार पावलं चालून दाखवायचं. फोन कसा, कुठे धरायचा हे तो मला सांगतो, पण बोलतो आईशीच.

परवा वजन वाढलेलं दिसलं तसं त्यानं विचारलं, "काय खाल्लंत?"

"भात नि आमटी," आई म्हणाली.

"आणि?"

"जवला. जरासा."

"सुकी मासळी बंद सांगितली होती ना मी? किती मीठ असतं त्यात!"

"मीठ?" आई खुर्चीतून पुढे सरसावली. "मना शिकवतो जवला? तुज्या आईनं माज्याच पाटीवरनं नेला असंल!"

तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. डॉक्टरही मागे हटला नाही. दोघं बराच वेळ भांडत होती, आणि मी फोन स्थिर धरून उभी होते.