आत्याच्या काळ्या फळ्या

आमची आत्या बोटींना दिवे बसवायची. त्यामुळे तिच्या हातून काही सांडलं-लवंडलं की घरात कुणीतरी म्हणायचंच, "बघा, काय दिवे लावलेत!" ती हसायची आणि पुन्हा पक्कड हातात घ्यायची.

बाबा बोटी बांधायचे. त्यांची हयात जमिनीवर, लाकडाच्या भुशात गेली. अंधार पडल्यावर पाण्यात जायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. आत्याचं मात्र सगळं ध्यान अंधाराकडे. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूला एक काळी फळी, उजेड पलीकडे सांडू नये म्हणून. दिवे बसवून झाले की ती मला शेडमध्ये बोटीसमोरून आडवं चालायला लावायची. मी लाल बघत चालायचो. बरोबर नाकासमोर आलो की लाल-हिरवा दोन्ही दिसायचे. जरा पुढे सरकलो की लाल गडप, नुसता हिरवा. दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

"दोन्ही दिसले तर ती थेट तुझ्यावर येतेय," आत्या सांगायची. "अंधारात बोट दिसत नाही रे. तिचं तोंड कुठं आहे, तेवढंच दिसतं."

एवढ्या मोठ्या पाण्यावर माणसं दोन रंगांत एकमेकांना वाट सांगतात, याचं मला आजही नवल वाटतं.

आत्याची मुलगी, आमची ताई, नवी प्रवासी बोट चालवणार होती. बाबांनी भाचीच्या कौतुकानं सगळं रंगवलं, फळ्यासुद्धा. पांढऱ्या, चकचकीत.

"दादा, उजेड यावर आपटून पलीकडे जाईल. ती वळली तरी समोरच्याला दोन्ही दिवे दिसतील."

"एवढ्याशा फळीनं काय आभाळ कोसळतंय?"

आत्या वाद घालत बसली नाही. पहिल्या फेरीच्या सकाळी तिनं फळ्या खरवडल्या आणि न चमकणारा काळा रंग फासला. बाबा दिवसभर तोंड फुगवून बसले.

संध्याकाळी आम्ही तिघं जुन्या बोटीनं पैलतीरावरून परतत होतो. ताई समोरून येणार होती. मध्यावर धुकं उतरलं, काठ पुसले गेले. आणि त्या धुक्यात लाल-हिरवा दोन्ही दिवे उगवले, अगदी नाकासमोर.

आमच्या तांडेलानं भोंगा देऊन बोट उजवीकडे घेतली. ताईनंही तिच्या उजवीकडे वळायला हवं होतं. ती वळतेय का, ते कळायला त्या दोन दिव्यांखेरीज काही नव्हतं. आत्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली.

हिरवा गेला.

"अगं, दिवा विझला तिचा!" बाबा ओरडले.

"विझला नाही, दादा," आत्या माझा दंड सोडत म्हणाली. "फळीआड गेला. वळली माझी पोर."

लाल दिवा आमच्या डाव्या बाजूनं शांतपणे निघून गेला. बाबा त्याच्यामागची काळी फळी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.