भाऊजींच्या पुढचं पान

वडे उत्तम झाले होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर वड्यांची चौकशी कोणी करत नाही.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीन महिने नागपूरच्या दवाखान्यात होते. बहिणीला आम्ही बाई म्हणतो. दोनदा तर डॉक्टरांनी बाईला बाहेर बोलावून मन घट्ट करायला सांगितलं. ऊर्जानगरहून मी एकदाही गेलो नाही. आधी आमच्या वीजकेंद्राचं युनिट बंद पडलं म्हणून, मग युनिट सुरू झालं म्हणून. खरं तर मला दवाखान्याची भीती वाटते. पण बहिणीला ते सांगण्यापेक्षा युनिटवर ढकलणं सोपं. शेवटी तिनं माझा फोन उचलणंच सोडलं.

भाऊजी वाचले. सुट्टी झाली तेव्हा त्यांनीच फोन केला, की घरी गोंडपिपरीला जाता जाता तुझ्याकडे टेकतो. मागून बाई म्हणाली, घोटभर पाणी पिऊ अन् निघू. मी म्हटलं, जेवल्याशिवाय सोडणार नाही. तीन महिन्यांची भरपाई मला एका जेवणात करायची होती.

बायको बारशासाठी माहेरी, माजरीला गेलेली. वरणभात करा, नाहीतर शेजारी सांगा, असं ती फोनवर बजावत होती. काय रांधणार ते मी तिला सांगितलं नाही. गंमत ठेवायची होती.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं जेवण मी सहा वर्षांचा असताना जेवलो. गावी, अंगणात, पळसाच्या पत्रावळीवर उडदाचे वडे, कढी, लाल कोहळ्याची भाजी आणि तांदळाची खीर. मी सात वडे खाल्ले. मोठी माणसं मान खाली घालून मुकाट जेवत होती. चवीपुढे बोलणं सुचत नसेल, असं मी समजलो. पुढे हे पदार्थ सुटे सुटे पुष्कळदा खाल्ले, पण चारही एका पानावर पुन्हा भेटले नाहीत. गावचं पितराचं सगळं काका बघायचे, आणि मी ड्युटीवर.

पत्रावळी आणायला चंद्रपूरच्या बाजारात गेलो. विकणाऱ्या बाईनं विचारलं, कोनाचं हाये? म्हटलं, भाऊजींचं. तिनं आवाज उतरवला, वय विचारलं, मी साठ सांगितलं, आणि तिनं न मागता चार द्रोण जास्तीचे दिले. माणुसकी अजून शिल्लक आहे म्हणत मी घरी आलो.

सकाळपासून ओट्याशी उभा होतो. डाळ वाटताना पाणी जास्त झालं, तांदळाचं पीठ घालून ती सावरली. पहिला वडा कढईत फुटला आणि मनगट भाजलं. कढी एकदा फाटली, ती फेकून दुसरी केली. खीर तळाला लागली, तिचं भांडं बदललं. बारा वाजता वडे असे फुगले, की मी एकटाच त्यांच्याकडे बघत उभा राहिलो.

भाऊजी जिन्याचा कठडा धरून आले. कठड्यावरची कोळशाची काजळी त्यांच्या तळव्याला लागली. सदरा खिळ्याला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. बाईनं माझं पिठानं भरलेलं अंग पाहिलं आणि जरा हसली. म्हणाली, "तू रांधलं?"

तेवढ्या हसण्यावर मी थांबायला हवं होतं. मी पान वाढलं.

भाऊजी तीन महिने खिचडीवर होते. त्यांचा हात वड्याकडे गेला. बाईची नजर पानावरून फिरली. वडे, कढी, कोहळं, खीर. मग तिनं खालची पत्रावळ पाहिली.

"कोनाची तेरवी करून राह्यला रे तू?"

मला तरीही उमगलं नाही. मी कौतुकानं म्हटलं, "भाऊजींसाठीच तर केलं, बाई."

बोलून झाल्यावर मला ते अंगण दिसलं, त्या मुकाट माना दिसल्या, आणि त्या दिवशी आजोबा कुठे होते हे मी कधीच विचारलं नव्हतं, हेही आठवलं.

बाईनं नवऱ्याच्या पुढचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी घाईघाईनं म्हटलं, स्टीलच्या ताटात वाढतो. इतका मूर्ख माणूस मीही दुसरा पाहिलेला नाही.

"तीन महिने यायले ओढून धरलं म्या," ती म्हणाली. "अन् तू पान वाढून बसला."

भाऊजी पुटपुटले, की अन्नाचा काय दोष, भूक लागली आहे. तिनं त्यांना उठवलं. पाणीसुद्धा न पिता दोघं गाडीत बसली.

आठवड्यानं भाऊजींचा हळू आवाजात फोन आला. निघताना दोन वडे त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले होते. "मस्त झालते. तुह्या बाईले सांगजो नको." पण तेलाचा डाग बाईच्या नजरेतून सुटला नव्हता. त्यानंतर त्यांना नुसता खोकला आला तरी माझ्या वड्यांचं नाव निघायचं.

गेल्या महिन्यात भाऊजींना पुन्हा भरती केलं, यावेळी चंद्रपुरातच. मी गेलो. भीत भीत, पण गेलो. बाई खोलीच्या दारात उभी होती. तिनं आधी माझे हात पाहिले.

"खायले काही आनलं नाई ना?"

मी रिकामे तळवे दाखवले.

"मग आता काऊन आला?"

त्या दिवशी युनिटही व्यवस्थित चालू होतं.